राखणवेल

झाडं तोडायची की ठेवायची, यावर वखार कॉलनीच्या रहिवासी समितीची बैठक दीड तास चालली. २०४३चा मार्च होता आणि सावलीत त्रेचाळीस अंश. कॉलनीची बाग म्हणजे दीड एकर फुफाटा, एक मोडकी घसरगुंडी आणि मागच्या भिंतीलगत माजलेली कण्हेर. वऱ्हाडातल्या त्या शहरात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

आठ दिवसांपूर्वी त्याच कण्हेरीमागे दोघांनी केतकी पुंडकरला ओढून नेलं होतं. ती एकोणीस वर्षांची. वाचनालयातून घरी येत होती, संध्याकाळचे सात वाजले होते. तिने एकाच्या हाताचा असा चावा घेतला की तिचं तोंड रक्ताने भरलं, आणि ती सुटून पळाली. त्यानंतर ती घराबाहेर पडली नव्हती.

पोलिसांनी सांगितलं होतं, झुडपं काढा, दिवे लावा. समितीचे अध्यक्ष मधुसूदन पळसोकर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचं मत फरशीचं होतं.

"सगळी फरशी घालून टाकू. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं दिसलं पाहिजे."

शेवटच्या रांगेतून नंदिता पुंडकर उठली. केतकीची ही मोठी बहीण, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आईवडील गावाकडे होते, केतकी शिकायला नंदिताकडे राहायची. नंदिता एका खासगी संशोधन केंद्रात वनस्पतिशास्त्रज्ञ होती.

"काका, फरशी घातली तर मे महिन्यात त्या बागेत कुत्रंसुद्धा बसणार नाही. आणि झाडं गेली म्हणून तसली माणसं जात नाहीत. ती दुसऱ्या बागेत जातात. मला सहा महिने द्या. झाडंही वाढतील आणि बायका निर्धास्त फिरतीलही."

"राखण कोण करणार?" पळसोकरांनी विचारलं.

"वेल करेल," नंदिता म्हणाली.

एरवी लोक हसले असते. पण जिच्या बहिणीवर प्रसंग आला होता, तिला कोण हसणार?

* * *

झाडांना नाक नसतं, पण वास त्यांना कळतो. शेजारच्या झाडावर अळ्या पडल्या की ते झाड हवेत एक रसायन सोडतं आणि आजूबाजूची झाडं ते ओळखून आपली पानं कडू करून घेतात. हे शंभरेक वर्षं जुनं ज्ञान नाही, पण नवंही नाही. नंदिताच्या गटाने त्यापुढची पायरी गाठली होती. डासाला माणसाचा घाम ओळखता येतो, कारण त्याच्या मिशांवर त्यासाठी खास प्रथिनं असतात. तसल्या प्रथिनांचं जनुक त्यांनी एका रानवेलीत घातलं. माणूस अंगावर धावून जाण्याच्या बेतात असतो तेव्हा त्याच्या काखेतल्या घामाची घडण बदलते. ती वेलीने ओळखायची.

त्यासाठी नंदिता दोन वर्षं कबड्डीचे सामने गाठत हिंडली होती. सामन्याआधी खेळाडूंच्या काखेत कापसाचे बोळे ठेवायचे, नंतर ते बाटलीत बंद करून आणायचे.

वास ओळखला की वेलीच्या पानामागच्या ग्रंथी फुटत आणि एक द्रव्य हवेत मिसळे. त्याला वास नव्हता, रंग नव्हता. दोन मीटरच्या आत असलेल्या माणसाच्या श्वासातून ते रक्तात जाई आणि मेंदूच्या बुडाशी, जिथून उलटीचा हुकूम निघतो, तिथे जाऊन टोचे. माणसाला ढवळू लागे. तो तिथून निघून जाई. पाच मिनिटांत सगळं हवेत विरून जाई.

मूळ आराखड्यात वेलीला दोन कुलपं होती. आक्रमक घाम आणि दारूचा वास, दोन्ही एकत्र आले तरच ती उघडावी. दुसरं कुलूप नंदिताने स्वतः काढलं. केतकीला ओढणाऱ्यांपैकी एक जण प्यायलेला नव्हता.

केंद्रातल्या एका सहकाऱ्याने तेव्हा विचारलं होतं, "घाबरलेल्या माणसाचा घाम तपासलास का?"

"घाबरलेला माणूस बागेत कोणाला काय करणार आहे?" नंदिता म्हणाली होती आणि दुसऱ्या कामाला लागली होती.

* * *

सहा महिन्यांत बाग ओळखू येईना. कडुनिंब, करंज, शिरीष, कांचन अशी दीडशे झाडं लागली. कण्हेर गेली आणि तिथे बाक आले. प्रत्येक बाकावर लोखंडी कमान होती आणि कमानीवर राखणवेल. तिची बारीक जांभळट फुलं बघून म्हाताऱ्या पूजेसाठी मागत. रस्त्यापेक्षा आत चार अंशांनी गार वाटे. संध्याकाळी बायका पोरांना घेऊन येऊ लागल्या. भिंतीशी बसून पिणारे, भांडणारे तिघे-चौघे दोन-तीनदा ओकले आणि परत फिरकले नाहीत.

पळसोकरांनी नंदिताचा शाल देऊन सत्कार केला. त्या सत्काराला केतकी आली नाही.

"तुझ्यासाठी केलंय गं सगळं," नंदिताने तिला ऑक्टोबरातल्या एका रविवारी म्हटलं. "एकदा चल. फक्त बसून येऊ."

"मला नको, ताई."

"मी आहे ना सोबत."

केतकी निघाली ती बहिणीचं मन मोडवेना म्हणून. फाटकातून आत शिरताना तिने नंदिताचा हात धरला. जुन्या कण्हेरीच्या जागी आता ज्या कमानी होत्या, त्यातल्याच एकीखाली नंदिताने तिला नेलं. ही जागा एकदा तिच्या मनातून पुसली गेली पाहिजे, असं तिला वाटत होतं. अगदी लागून असलेल्या बाकावर कॉलनीतल्या दोन बायका मटार सोलत बसल्या होत्या. त्या केतकीकडे बघून ओळखीचं हसल्या.

केतकीचा तळहात ओला झाला. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले.

"जाऊ या ना."

"पाच मिनिटं. माझ्याकडे बघ. लांब श्वास घे."

केतकीने तिच्याकडे बघून लांब श्वास घेतला. नंदिताने तिच्याकडे बघून घेतला. मग दोघींनाही एकदम कसंतरी झालं. केतकी पांढरीफटक पडली. नंदिताच्या तोंडात खारट पाणी सुटलं. दुपारची मटकीची उसळ आंबली असणार, असं तिला वाटलं; अंगावर येणारं कोणी जवळपास नसताना वेलीचा संशय तिला आला नाही. मटार सोलणाऱ्या बायकाही उठून चालत्या झाल्या. दोघी बहिणी कशाबशा घरी आल्या आणि न जेवता झोपल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी चहा गाळत होती. नंदिताने तिच्या मानेकडे पाहिलं. मानेवर ओले केस चिकटले होते. एरवीही चिकटत. नंदिताच्या पोटात गोळा फिरला.

तिने कप उचलला. त्याच्या कडेला केतकीच्या बोटाचा ठसा होता. चहा पिऊन टाकावा म्हणून तिने डोळे मिटले, पण घोट घशाखाली जाईना. केतकीची पाठ वळल्यावर तिने चहा मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला.

त्यानंतर ते रोज वाढत गेलं. फणीत अडकलेला केतकीचा केस, कणीक मळताना तिच्या नखांत गेलेलं पीठ, दोरीवरचा तिचा टॉवेल. जेवताना ती घास चावायची तो आवाज, लाळेसकट, नंदिताच्या कानात शिरायचा. एकदा केतकीने नेहमीच्या सवयीने तिच्या ताटातली लोणच्याची फोड उचलली. नंदिता ताट तसंच टाकून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून ओकली, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

या पोरीला तिने लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. तिची नाकं पुसली होती. कांजिण्यांत तिच्या अंगावरच्या खपल्यांना कडुनिंबाचा पाला लावला होता. तेव्हा कधी शिसारी आली नव्हती. आणि आता? त्या दोघांनी हिला हात लावला म्हणून का? हा विचार मनात आला तेव्हा नंदिताला स्वतःचीच किळस आली. आपण अशा निघालो, हे तिला कोणाला सांगता येईना.

केतकी आपलं ताट घेऊन खोलीत जाऊन जेवू लागली. नंदिताला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

* * *

बागेचे माळी एकनाथ तायडे पन्नाशीचे होते. डिसेंबरात ते एक दिवस नंदिताच्या दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसले.

"मॅडम, एक इचारू? ह्या वेलाचं काही बराबर नाही."

"काय झालं?"

"ते शेंगावाली सुभद्राबाई हाये ना, फाटकाजवळ बसते ते. वीस वर्षं लोकायनं तिच्या हातचे दाने खाल्ले. आता कोनी तिच्याजवळ थांबत नाही. म्हनते, बुढीची घान येते. मी जवळ जाऊन पाह्यलं, कायची घान? बाई रोज आंघोळ करते."

"ती आत बागेत बसली होती का कधी?"

"ऊन लागलं म्हनून बसली होती बाकावर. पळसोकर साहेबानं पाह्यलं, उठवलं, लय बोलले. बाई थरथर कापत होती. चार लोकं जमले होते भोवती."

नंदिताने हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

तायडे जमिनीकडे बघत पुढे म्हणाले, "अन् माह्या घरी बी तेच. समितीनं मले काढून टाकाची नोटीस देल्ती ना मांगच्या महिन्यात. ते कागद घेऊन मी बाकावर बसलो होतो. बायको डबा घेऊन आली, बाजूले बसली. त्या दिवसापासून मी जवळ गेलो की तिले मळमळते. तोंड फिरवते. पंचवीस वर्षांचा संसार हाये, मॅडम. ते रडते, म्हनते, तुमी काही केलं नाही, पन मले होत नाही."

नंदिताने विचारलं, "तुम्ही तेव्हा घाबरला होतात?"

"पोराचं शिक्षन हाये. घाबरीन नाही त काय?"

त्याच दुपारी ती केंद्रात गेली. घाबरलेल्या माणसाचा घाम शोधायला तिला दूर जावं लागलं नाही. तिने स्वतःच्या काखेत कापसाचा बोळा धरला, दहा मिनिटांनी तो काचेच्या पेटीत राखणवेलीच्या कुंडीजवळ ठेवला आणि झाकण लावलं. चौथ्या मिनिटाला पानांच्या पाठीवरच्या ग्रंथी एकेक करून फुटल्या.

वेलीला भिणारा आणि भिववणारा यांत फरक कळत नव्हता. दोघांचंही काळीज तेवढंच धडधडतं आणि दोघांचाही घाम तिच्या लेखी एकच.

पुढचं गणित तिला पाठ्यपुस्तकातलंच ठाऊक होतं. लहानपणी एसटीत उलटी होण्याआधी खाल्लेला पदार्थ कितीतरी जणांना जन्मभर नकोसा होतो. त्या पदार्थात काही वाईट नसतं, गाडी लागलेली असते. पण मेंदू तेवढं थांबून बघत नाही. मळमळ झाली त्या वेळी समोर जे होतं त्यावर तो विषाचा शिक्का मारतो. एकदाच मारतो, आणि तो वर्षानुवर्षं पुसत नाही. विषारी फळं खाऊन मरू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. वखार कॉलनीच्या बागेत तोच शिक्का भ्यालेल्या माणसांच्या तोंडावर बसत होता.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी "माझ्याकडे बघ" असं ती केतकीला म्हणाली होती, ते आठवून नंदिता खुर्चीवर खाली वाकली.

* * *

समितीपुढे तिने सगळं सांगितलं. चूक माझी आहे, घाबरलेला घाम मी तपासला नाही, दुसरं कुलूपही मीच काढलं, हेही सांगितलं. वेल उद्याच्या उद्या काढली पाहिजे.

पळसोकरांनी चष्मा पुसला. "म्हणजे वेल काम करत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"चुकीचं काम करतेय."

"मला तर बरोबर दिसतंय, मॅडम. पिणारे गेले. शेंगावाली गेली, तिच्या टरफलांचा कचरा गेला. तो एक माणूस रोज बाकावर बसून रडायचा, बायको वारलेला, लहान मुलं त्याला घाबरायची. तोही येत नाही. बाग किती स्वच्छ झालीय बघा."

"काका, ती माणसं आहेत. ती घाबरलेली माणसं आहेत."

"ज्याच्या मनात काही नाही, तो कशाला घाबरेल?"

माना डोलल्या. नंदिताने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. हे सगळे तिच्या सत्काराला टाळ्या वाजवणारे होते. मटार सोलणाऱ्या बायकांपैकी एक जण खालच्या आवाजात म्हणाली, "राग मानू नका, नंदिताताई. पण तुमची केतकी समोर आली तरी आम्हाला कसंतरीच होतं. म्हणजे तेव्हा काय काय झालं असेल, कोणाला माहीत. वेलीला काहीतरी कळत असेलच ना."

कोणी त्या बाईला गप्प केलं नाही. नंदिताच्या घशाशी पाणी आलं. इथे कुठे वेल नव्हती. ही शिसारी तिची स्वतःची होती, आणि ती कोणावर बसावी याबद्दल तिच्या मनात या वेळी गोंधळ नव्हता.

वेल ठेवण्याचा ठराव सतरा विरुद्ध एक असा मंजूर झाला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती कोयता आणि कुदळ घेऊन बागेत गेली. तायडे आधीच येऊन थांबले होते.

"तुम्ही लांब राहा," तिने सांगितलं. "फाटकाकडे तोंड करून उभे राहा. मी हाक मारली तरी माझ्याकडे बघायचं नाही."

"अन् तुमी?"

"मी फक्त वेलीकडे बघणार आहे."

आपण घाबरलो आहोत, संतापलो आहोत, आणि वेल ते ओळखणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पहिल्या कमानीवरच्या पानांत तोंड खुपसलं आणि कोयता चालवला. तिसऱ्या घावाला पोट पिळवटलं. ती ओकली, तोंड पुसलं, पुन्हा पानांकडे बघत राहिली. मुळं कुदळीने उकरली. दुसऱ्या कमानीशी नुसतं पित्त पडलं. बाहेर लोक जमले. पळसोकर फाटकातून ओरडत होते, पण आत यायचं धाडस कोणाला झालं नाही. अकरा कमानींना तिला तीन तास लागले. शेवटची चार मुळं तिने गुडघ्यांवर बसून उपटली, कारण उभं राहवत नव्हतं. वेलीचे भारे तायड्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून केंद्राच्या भट्टीत नेले.

पोलिसांत तक्रार झाली. केंद्राने तिला घरी बसवलं. ते झालं नसतं तरी तिला कामावर जाता आलं नसतं. ज्या हिरव्या, ओलसर वासात तिने पंधरा वर्षं काढली होती, तो आता तिला सोसत नव्हता. मंडईत मेथीच्या जुडीशेजारून जाताना ती नाकाला पदर लावायची.

* * *

केतकीशी बोलायला तिला आणखी चार दिवस लागले. एका दुपारी ती तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही.

"तुला सगळं सांगायचंय. मध्ये थांबवू नकोस."

तिने वेलीचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, त्या रविवारचं सांगितलं. मग म्हणाली, "ऑक्टोबरपासून मला तुझी किळस येते. तुझ्या हाताची, केसांची. मला वाटलं, मीच अशी आहे. तुझा काही दोष नाही, केतू. पण कळल्यानेसुद्धा ती जात नाही. आत्ताही येतेय."

केतकी भिंतीकडे बघत बसली होती. नंदिता परत वळली.

"ताई," ती म्हणाली, "मी ताट घेऊन इकडे का येते, असं वाटतं तुला?"

"मला त्रास होऊ नये म्हणून."

"नाही. त्या दिवशी माझ्यासमोर तूच होतीस ना. मला तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. तुझे दात दिसले की मला उलटी येते. मला वाटायचं, जी बहीण माझ्यासाठी एवढं करते, तिचीच मला घाण वाटते, तर मी किती नीच."

नंदिता दारातच खाली बसली. दोन महिने एका घरात दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होत्या. त्यांना हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

"जाईल का हे?" केतकीने विचारलं.

"पुसलं जात नाही. पण त्याच माणसासमोर पुन्हा पुन्हा बसलं, आणि वाईट काही झालं नाही, तर वरून दुसरी सवय बसते. काहींना महिने लागतात. काहींना जमतच नाही."

"मग बसायचं कुठून?"

त्यांनी अंगणापासून सुरुवात केली. एक पायरीवर, एक घराच्या फाटकाशी, एकमेकींकडे पाठ करून. दोघींचं ताट आपापल्या मांडीवर. पहिले काही दिवस दोन-तीन घासांपुढे कोणाचं जात नव्हतं. कधी केतकी उठून जायची, कधी नंदिता. उठलेलीला दुसरी काही म्हणायची नाही. जानेवारीत पाठीतलं अंतर पाच फुटांवर आलं. तायडे एकदा येऊन सांगून गेले की त्यांची बायको आता डबा त्यांच्या हातात देते, खाली ठेवत नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी केतकी म्हणाली, "आज तोंड इकडे कर."

नंदिता वळली. समोर केतकी बसली होती. वाढलेले केस, कपाळावर घाम, ओठाला पिठल्याचा डाग. तिने नजर काढली नाही.

"कसं वाटतंय?" केतकीने विचारलं.

"घाण."

"मलाही."

केतकीने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि चार बोटांनी उचलून पुढे धरला. नंदिता पुढे सरकली आणि तिने तो घास खाल्ला. तो गिळायला तिला बराच वेळ लागला. केतकी तोवर तिच्या तोंडाकडे बघत राहिली.